मुलांच्या कोर्टात पाच वेळा उभे राहिलेले डॉक्टर

यानुश कोर्चाक हे नाव ज्यांनी ऐकलंय, त्यांना बहुधा एकच प्रसंग ठाऊक असतो. ऑगस्ट १९४२, जर्मनांच्या ताब्यातलं वॉर्सा, आणि अनाथाश्रमातल्या जवळपास दोनशे मुलांबरोबर मृत्युछावणीच्या गाडीकडे चालत निघालेले म्हातारे डॉक्टर. जीव वाचवायची संधी असूनही ते मुलांना सोडून गेले नाहीत. प्रसंग खरा आहे, पण तो इतक्यांदा सांगितला गेलाय की त्याआधीची तीस वर्षं पार झाकून गेलीत. आणि ती तीस वर्षं पाहिली की एक गोष्ट लक्षात येते: त्या सकाळी डॉक्टरांनी कुठलाही नवा निर्णय घेतलाच नव्हता.

हेन्रिक गोल्डश्मिट

हे त्यांचं खरं नाव. जन्म वॉर्सातला, तारीख २२ जुलै. साल मात्र १८७८ की १८७९ हे त्यांचं त्यांनाही नक्की सांगता येत नसे, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केलीच नाही. (वडील वकील होते, हे विशेष.) तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. शेजारच्या तीन साम्राज्यांनी तो आपसांत वाटून घेतला होता आणि वॉर्सावर रशियन झारचा अंमल होता.

घर ज्यू, पण बोलणं-चालणं सगळं पोलिश. आपण ज्यू आहोत हे हेन्रिकला कळलं ते एका मेलेल्या कॅनरीमुळे. पक्ष्याला पुरून वर क्रूस लावायचं त्याच्या मनात होतं. मोलकरीण म्हणाली, पक्ष्याला कसला क्रूस, पाप लागेल. वॉचमनच्या मुलाने त्याहून मोठी बातमी दिली: कॅनरी ज्यू होता, आणि तूही ज्यू आहेस. मी कॅथलिक, मी स्वर्गात जाणार. तू शिव्या दिल्या नाहीस आणि घरातली साखर चोरून मला आणून दिलीस, तर तुला अगदी नरक नाही, पण एक अंधारी जागा मिळेल. साठी ओलांडल्यावर, घेटोत (जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत) लिहिलेल्या डायरीत कोर्चाक यांनी हा प्रसंग नोंदवलाय. अंधाराची भीती तेव्हापासून मनात बसली, असंही लिहिलंय.

वडिलांना मानसिक आजाराने घेरलं आणि १८९६ मध्ये ते गेले. पैशांची चणचण सुरू झाली, तसा हेन्रिक शिकवण्या करू लागला. १८९८ मध्ये एका लेखनस्पर्धेसाठी त्याने टोपणनाव घेतलं, तेही एका जुन्या पोलिश कादंबरीतल्या पात्राचं. तेच नाव जन्मभर चिकटलं. त्याच सुमारास तो मेडिकलला गेला. शिकता शिकता वॉर्साच्या गरीब वस्त्या पालथ्या घातल्या आणि ‘रस्त्यावरची मुलं’ ही पहिली कादंबरी १९०१ मध्ये आली.

१९०५ मध्ये डिग्री हातात पडते न पडते तोच रशियन सैन्याने त्यांना जपानविरुद्धच्या युद्धावर धाडलं. पहिल्या महायुद्धात पुन्हा सैनिकी डॉक्टर. १९१९-२० च्या पोलिश-सोव्हिएत युद्धात तिसऱ्यांदा. या तिसऱ्या खेपेला त्यांना टायफस (उवांमधून पसरणारा ताप) झाला. त्यांची शुश्रूषा करताना आईलाही लागण झाली आणि ती गेली. हे ओझं त्यांच्या मनावरून कधी उतरलं नाही.

मधल्या काळात ते वॉर्साच्या एका मुलांच्या हॉस्पिटलात होते. श्रीमंतांकडून दणदणीत फी घ्यायची, गरिबांकडून नावापुरता एखादा कोपेक, असा त्यांचा हिशेब होता. नाव झालं होतं, पुस्तकं खपत होती. तरी १९१२ मध्ये हॉस्पिटल सोडून ते ज्यू मुलांच्या एका अनाथाश्रमाचे प्रमुख झाले. मूल बरं करून पुन्हा त्याच कोंदट खोलीत, त्याच उपासमारीत पाठवायचं, यात त्यांचं मन रमेना. हॉस्पिटल सोडणं ही आजारी मुलांशी गद्दारी होती, असं मात्र ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. स्वतःला सूट देणं या माणसाला जमतच नसे.

क्रोखमाल्ना रस्ता, घर नंबर ९२

अनाथाश्रमाचं नाव दोम शेरोत. मुलं कोर्चाक यांना ‘पान डॉक्टर’ म्हणत, आपल्याकडच्या ‘डॉक्टरसाहेबां’सारखं. घर खऱ्या अर्थाने चालवत असत त्या स्तेफानिया विल्चिन्स्का. बेल्जियमला जाऊन विज्ञान शिकून आलेल्या, कडक शिस्तीच्या, दिवसरात्र मुलांत असलेल्या. डॉक्टर युद्धावर गेले तेव्हा आख्खा आश्रम त्यांनीच सांभाळला. लेखांत आणि चित्रपटांत त्या दुय्यम पात्र होऊन बसतात, हा सरळसरळ अन्याय आहे.

या घरातली सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे कोर्ट. कोणाला कोणाविरुद्ध तक्रार असेल त्याने ती नोंदवायची. ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही खटला नाही, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडायचे. मोठी माणसं चिटणिसाचं काम करणार, निकालात त्यांना मत नाही. कायद्याचं पुस्तक कोर्चाक यांनी लिहिलेलं, कलमं १ ते १०००. यातली पहिली ९९ कलमं निव्वळ माफीची: चूक नकळत झाली, पश्चात्ताप झालाय, पहिलीच वेळ आहे, तक्रारदारानेच तक्रार मागे घेतली, वगैरे. शंभराव्या कलमापासून ‘दोष आहे’ असं कोर्ट म्हणू लागतं आणि पुढे शंभर-शंभरच्या पायऱ्यांनी निकाल कडक होत जातो. ९०० म्हणजे कोर्टाने आशा सोडली; तरी आश्रमातलं कोणी जामीन राहिलं तर ते मूल राहू शकतं. हजारावं कलम म्हणजे आश्रमातून काढून टाकणं, आणि तिथेही काही काळाने परत येण्यासाठी अर्ज करायची सोय ठेवलेली. शंभरपासून पुढची कलमं क्वचितच लागत. बहुतेक खटले माफीतच मिटत.

मग एवढा खटाटोप कशाला? कोर्चाक यांचं म्हणणं साधं होतं. मोठ्यांच्या जगात मुलाला न्याय मिळतो तो मोठ्यांच्या मूडवर. बाबा खुशीत असले तर चूक हसण्यावारी जाते, डोकं दुखत असलं तर त्याच चुकीला थोबाडीत बसते. मुलाचं भांडण मोठ्या माणसाच्या खटल्याइतकंच गंभीरपणे ऐकलं जावं, आणि निकाल कोणाच्या लहरीवर नाही तर लिहिलेल्या नियमावर लागावा, एवढंच त्यांना हवं होतं.

नियम मोठ्यांनाही लागू होता. अर्ध्या वर्षात आपण स्वतः पाच वेळा कोर्टापुढे उभे राहिलो, असं त्यांनी लिहून ठेवलंय. एकदा एका मुलाच्या कानशिलात लगावली म्हणून, एकदा एकाला झोपायच्या खोलीबाहेर काढलं म्हणून, एकदा कोपऱ्यात उभं केलं म्हणून, एकदा न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून आणि एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. पाचही वेळा माफीची कलमं लागली. जगभर बालहक्कांचे प्रणेते म्हणून मिरवल्या जाणाऱ्या माणसाने मुलाच्या कानाखाली मारली होती, हे आपल्याला कळतं ते त्यांनी स्वतः नोंदवल्यामुळे. मला तरी त्यांच्याबद्दल विश्वास वाटतो तो याच नोंदीमुळे.

कोर्टाखेरीज मुलांचं पार्लमेंट होतं, घरातलं वर्तमानपत्र होतं. १९२६ मध्ये तर ‘मावी प्शेग्लोंद’ ही मुलांनीच लिहिलेली साप्ताहिक पुरवणी एका ज्यू दैनिकाबरोबर निघू लागली. गावोगावची मुलं त्यात पत्रं पाठवत. हे सगळं चाललं होतं आणि वर कादंबऱ्याही लिहून होत होत्या. त्यांतली सगळ्यात गाजलेली ‘राजा माचुश पहिला’. वडील वारल्यावर लहानगा माचुश गादीवर बसतो, वेष पालटून शिपाई म्हणून लढाईवर जातो, मुलांचं पार्लमेंट उभारतो. मोठ्यांनी शाळेत जायचं आणि कामं मुलांनी करायची असा कायदा होतो आणि राज्याचा बट्ट्याबोळ उडतो. शत्रू चालून येतो आणि माचुशला निर्जन बेटावर पाठवलं जातं. म्हणजे मुलांच्या हाती सगळं दिलं की सुख नांदेल, असली भाबडी कल्पना लेखकाच्या डोक्यात मुळीच नव्हती. (आफ्रिकेतल्या राजाचा भाग आज वाचताना खटकतो. तो त्या काळाचा दोष म्हणून सोडून देता येईल, पण तो दोष आहेच.)

१९३० च्या दशकात ‘म्हातारे डॉक्टर’ या नावाने ते रेडिओवर बोलत. श्रोत्यांना आवाज आवडे, पण ज्यू माणूस पोलिश मुलांना शिकवतोय हे काहींच्या डोळ्यांत खुपू लागलं आणि १९३६ मध्ये तो कार्यक्रम बंद पडला. ज्यूद्वेष जर्मन सैन्याबरोबर पोलंडमध्ये आला, असं समजायचं कारण नाही. तो आधीपासून तिथे होता.

भिंतीच्या आत

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडवर तुटून पडला आणि १७ तारखेला सोव्हिएत रशिया पूर्वेकडून घुसला. देशाचे दोन तुकडे झाले. कोल्हापूरकरांना वळिवड्याची पोलिश छावणी ठाऊक असते. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त. ती माणसं पूर्वेकडच्या तुकड्यातली. सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरियाकडे हाकललं, तिथून सुटून ती इराणमार्गे भारतात आली. कोर्चाक आणि त्यांची मुलं होती जर्मन तुकड्यात, आणि त्यातही ज्यू. त्यांना बाहेर जायची वाटच उरली नाही.

ज्यूंनी दंडावर ताऱ्याची पट्टी बांधलीच पाहिजे, असा हुकूम निघाला. कोर्चाक यांनी ती बांधली नाही. साठीतला हा माणूस जुना पोलिश लष्करी गणवेश घालून शहरात फिरत राहिला. नोव्हेंबर १९४० मध्ये घेटो बंद केला गेला, म्हणजे शहराचा एक तुकडा उंच भिंतीने तोडून त्यात ज्यूंना कोंडलं. चार लाखांहून जास्त माणसं साधारण साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये. रेशनवर माणशी मिळायच्या दिवसाला दोनशेपेक्षाही कमी कॅलरी, म्हणजे आपल्या दीडेक ज्वारीच्या भाकरीइतकं. बाकीचं चोरट्या मार्गाने, भिंतीखालच्या भोकांतून यायचं आणि ते आणणारी बरेचदा पोरंच असायची. उपासमार आणि टायफस यांनी दीड-पावणेदोन वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं गेली.

अनाथाश्रमालाही क्रोखमाल्ना रस्त्यावरचं घर सोडून भिंतीच्या आत यावं लागलं. सामान हलवताना बटाट्यांची एक गाडी जर्मनांनी अडवून ठेवली. कोर्चाक जाब विचारायला थेट त्यांच्या अधिकाऱ्याकडे गेले, आणि तेही दंडावर पट्टी न बांधता. परिणाम व्हायचा तोच झाला. पाव्याक तुरुंगात रवानगी झाली आणि जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे भरून सोडवून आणेपर्यंत ते आत होते.

त्यानंतरचं त्यांचं काम म्हणजे, स्पष्ट सांगायचं तर, दारोदार मागणं. पोतं घेऊन निघायचं. ज्यांच्याकडे अजून काही शिल्लक आहे त्यांचे जिने चढायचे. विनवायचं, भांडायचं, लाज काढायची. डायरीत एका दिवसाचा हिशेब आहे: सात भेटी, बोलणी, जिने, प्रश्न. हाती आले पन्नास झ्वोटी (पोलिश चलन), शिवाय महिन्याला पाच देण्याचं एक आश्वासन. आणि पोसायचीत दोनशे माणसं.

शनिवारी मुलांचं वजन व्हायचं. शांततेच्या काळापासूनचा हा रिवाज त्यांनी मोडला नाही. मे १९४२ मध्ये वजनं चांगलीच उतरल्याची नोंद आहे. अजून फार घाबरण्यासारखं नाही, पण नवं पीक यायला दोन महिने आहेत, असंही पुढे लिहिलंय. कोर्ट भरत होतं, मुलं अभ्यास करत होती. पाच पेले स्पिरिट गरम पाण्यातून घेतलं की लिहायला हुरूप येतो, अशी कबुलीही त्याच डायरीत आहे. थकलेला, खचलेला, मधूनच मरणाचा विचार करणारा माणूस त्या पानांत दिसतो. आणि बाहेर रस्त्यावर काय चाललं होतं? फुटपाथवर एक पोरगा आडवा पडलाय, जिवंत की मेलेला कळत नाही. त्याच्या शेजारी तीन पोरं घोडा-घोडा खेळतायत. त्यांचे लगाम गुंततात, ते सोडवताना पडलेल्या पोराला पाय लागतात. शेवटी एकजण म्हणतो, चला, तिकडे सरकू, हा मध्ये येतोय.

आपल्या दोनशे मुलांचं निभावणं मुश्कील असताना फेब्रुवारी १९४२ मध्ये या माणसाने आणखी एका निवाऱ्यात नोकरीसाठी अर्ज केला. तिथे सुमारे हजार मुलं अक्षरशः मरायला टाकल्यासारखी होती आणि कर्मचारी चोऱ्या करत होते. अर्ज खास त्यांच्या तिरकस शैलीतला आहे. आपण गेल्या वर्षी तुरुंगात राहून प्रकृतीची परीक्षा पास झालो आहोत, अशी पात्रता त्यांनी त्यात नोंदवलीय.

वॉर्सातला अमल

१८ जुलै १९४२ च्या दुपारी आश्रमातल्या मुलांनी एक नाटक केलं. रवींद्रनाथ ठाकूरांचं ‘डाकघर’, पोलिश भाषेत. अमल हा आजारी मुलगा. वैद्याने बाहेर पडायला बंदी केलेली, म्हणून तो खिडकीत बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या सुधाशी बोलत राहतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो. शेवटी राजवैद्य येतो, दारं-खिडक्या उघडायला लावतो आणि अमल झोपी जातो. भिंतीआड कोंडलेल्या मुलांनी हे नाटक का करावं, हे वेगळं सांगायला नको. मरण शांतपणे स्वीकारायला मुलांनी शिकावं म्हणून हे नाटक निवडलं, असं डॉक्टर म्हणाल्याचं सांगतात.

त्यांची स्वतःची नोंद मात्र वेगळ्याच सुरात आहे. टाळ्या, हसरे चेहरे, हस्तांदोलनं, आणि कोणा अध्यक्षीणबाईंचा शेरा, की कोर्चाक उंदराच्या बिळातही चमत्कार करून दाखवतात. मग ते एका वेगळ्याच विचारात शिरतात. कालची नटमंडळी आजही आपापल्या भूमिकेतच राहिली तर? एकजण खरोखरच स्वतःला फकीर समजू लागला, दुसरा वैद्य, तिसरा गावचा मुखिया, तर काय होईल? नाटक संपल्यावरही मुलांच्या डोक्यात काय चालू राहतं, याचं कुतूहल शिक्षकाला वाटतंच. ते घेटोतही सुटलं नव्हतं.

ऑगस्ट

चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेटो रिकामा करायला सुरुवात झाली. पूर्वेकडे पुनर्वसन, असं सांगितलं गेलं. रोज ६,००० माणसं गाडीत भरून द्यायची, असा हुकूम होता. आपण होऊन येणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम मिळे, आणि भुकेली माणसं त्यासाठी येतही. गाड्या जात होत्या ट्रेब्लिंकाला. तिथे वस्ती नव्हती, विषारी वायूच्या कोठड्या होत्या. जर्मनांनी घेटोच्या कारभारासाठी नेमलेल्या ज्यू मंडळाचे प्रमुख अॅडम चेर्न्याकुफ यांनी निदान अनाथ मुलांना तरी वगळा म्हणून विनवण्या केल्या. त्या फोल ठरल्या तेव्हा २३ जुलैला त्यांनी विष घेतलं. सप्टेंबरपर्यंत सुमारे २,६५,००० माणसं ट्रेब्लिंकाला पाठवली गेली.

डायरीची शेवटची नोंद ४ ऑगस्टची. डॉक्टर सकाळी खिडकीतल्या फुलझाडांना पाणी घालतायत. समोर बंदूक घेतलेला जर्मन पहारेकरी. आपलं टक्कल केवढं सोपं निशाण आहे, मग हा नुसता बघत का उभा आहे, असं त्यांना वाटतं. हुकूम नसेल. कदाचित एरवी हा एखाद्या खेड्यातला मास्तर असेल, किंवा वेटर. मी मान हलवून नमस्कार केला तर काय करेल? कदाचित कालच कुठूनतरी लांबून आला असेल.

५ ऑगस्टला आश्रमावर पाळी आली. सुमारे १९० मुलं, विल्चिन्स्का, कोर्चाक आणि बाकीचे कर्मचारी रांगेने रेल्वेच्या आवाराकडे निघाले. इथून पुढे दंतकथा सुरू होतात. मुलं गात होती. पुढे राजा माचुशचा हिरवा झेंडा होता. लहानपणी ज्यांची पुस्तकं वाचली ते हेच लेखक, हे ओळखून जर्मन अधिकाऱ्याने सुटका देऊ केली. पाहिलेल्या माणसांच्या हकिकतींचाही एकमेकींशी मेळ बसत नाही. चित्रकार मारेक रुदनित्स्की त्या वेळी किशोरवयाचा होता आणि त्या रांगेबरोबर चालत गेला होता. त्याने पुढे लिहिलं, की गाणं नव्हतं, झेंडा नव्हता, ताठ माना नव्हत्या. थकलेली शांतता होती आणि डॉक्टर पाय ओढत, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत चालले होते. मला हीच हकिकत पटते. रेल्वेच्या आवारात ज्यू मंडळाच्या नाखुम रेंबा यांनी डॉक्टरांना गळ घातली, की माझ्याबरोबर मंडळाच्या कचेरीत चला, रदबदली करून पाहू. मुलांना तेवढा वेळही एकटं सोडायला ते तयार झाले नाहीत.

घेटोबाहेर काढायचे बेत त्याआधीही झाले होते. त्यांचे जुने सहकारी इगोर नेव्हेर्ली यांनी बाहेर खोटी कागदपत्रं आणि खोली तयार ठेवली होती. डॉक्टरांनी नकार दिला. विल्चिन्स्का तर पॅलेस्टाइनमध्ये सुखरूप पोचल्या होत्या. युद्धाचे ढग दिसत असताना, १९३९ च्या वसंतात त्या मुलांसाठी परत आल्या.

डायरी एका मुलाच्या हाती भिंतीबाहेर नेव्हेर्लींकडे पोचली. कोर्चाक यांच्या सहकारी मारिया फाल्स्का यांच्या वॉर्सातल्याच दुसऱ्या अनाथाश्रमाच्या भिंतीत ती चिणून ठेवली गेली. पुढे नेव्हेर्लींना आउशविट्झच्या छळछावणीत पाठवण्यात आलं, तिथून ते वाचले. डायरी १९५८ मध्ये छापली गेली. १९७८ मध्ये मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला तो पोलंडने, आणि २० नोव्हेंबर १९८९ ला तो मंजूर झाला. त्याचं बारावं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित बाबींत मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि त्याला वजन द्यावं. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला.

कोर्चाक यांची पुस्तकं इंग्रजीत मिळतात. डायरीपासून सुरुवात करू नका. ती तुटक आहे, अर्ध्या वाक्यात विषय बदलते, आणि मागचं काही माहीत नसेल तर हाती फक्त दुःख लागतं. आधी ‘मुलांवर प्रेम कसं करावं’ या पुस्तकातलं कोर्टाचं प्रकरण वाचा, त्यात कलमं एकेक करून दिलेली आहेत. घरात दोन भावंडं असतील तर पहिली ९९ लगेच उपयोगी पडतील.